मंगळावरचं नाव आणि दोन वर्षांचं कॉलेज

फेब्रुवारी २०२१ मध्ये नासाचं ‘पर्सिव्हरन्स’ यान मंगळावर उतरलं. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. जागून ते पाहणाऱ्यांना टिकली लावलेल्या स्वाती मोहन आठवत असतील, यान सुखरूप टेकल्याचं त्यांनीच जाहीर केलं होतं. पुढच्याच महिन्यात यान जिथे टेकलं त्या जागेला नासाने एका लेखिकेचं नाव दिलं, ऑक्टाव्हिया बटलर. विज्ञानकथा लिहिणाऱ्या बटलर कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना गावच्या, आणि हे यान बनवणारी नासाची प्रयोगशाळाही त्याच गावची. बटलर पुढे इतर ठिकाणी काही वर्ग करत राहिल्या, पण त्यांच्या हाती पडलेली सर्वांत मोठी पदवी होती पॅसाडेना सिटी कॉलेजची, दोन वर्षांची. १९६८ सालची.

या दोन वर्षांच्या कॉलेजांबद्दल आपल्याकडे सध्या बरंच विचारलं जातं. परदेशी शिक्षणाचा खर्च आवाक्याबाहेर गेला तसं ‘आधी दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज, मग मोठी युनिव्हर्सिटी’ असं सांगणारे सल्लागार वाढले. सोबत नामवंत माजी विद्यार्थ्यांची यादीही दाखवली जाते. त्या यादीत नोबेल मिळवलेला रसायनशास्त्रज्ञ असतो, अंतराळवीर असतात, हॉलिवूडचा नट टॉम हँक्स असतो. पालक चक्रावतात. एवढी माणसं इथून निघाली, तर या कॉलेजात कुणालाही प्रवेश कसा मिळतो? आणि कुणालाही मिळत असेल, तर ही माणसं इथून निघाली कशी? उत्तर यादीतच आहे, पण त्यासाठी ती जरा सावकाश वाचावी लागते.

हे कॉलेज नेमकं कसलं

आपल्याकडे ज्युनियर कॉलेज म्हटलं की अकरावी-बारावी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत पूर्वी ज्युनियर कॉलेज म्हणत आणि आता कम्युनिटी कॉलेज म्हणतात, ते बारावीनंतरचं. चार वर्षांच्या पदवीतली पहिली दोन वर्षं तिथे शिकवतात. ती पूर्ण केली की ‘असोसिएट’ पदवी मिळते. शिवाय नर्सिंग, वेल्डिंग, मोटार दुरुस्ती, हिशेबनीस अशा कामांचे छोटे अभ्यासक्रम असतात आणि नव्याने आलेल्यांसाठी इंग्रजीचे वर्गही असतात.

प्रवेश खुला असतो. कटऑफ नाही, प्रवेश परीक्षा नाही, वयाची अट नाही. सरकारी कम्युनिटी कॉलेजांतलं आज चालू असलेलं सर्वांत जुनं इलिनॉय राज्यात जोलिएटला आहे, १९०१ सालचं. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक परतले, त्यांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला आणि ही कॉलेजं झपाट्याने वाढली. आज देशभरात अशी सुमारे हजार कॉलेजं आहेत. एकट्या कॅलिफोर्नियात ११६, आणि तिथे वर्षाला वीस लाखांच्या आसपास विद्यार्थी शिकतात.

फी कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला एका क्रेडिटमागे ४६ डॉलर. क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन: आठवड्याला तीन तासांचा विषय सत्रभर केला की साधारण तीन क्रेडिट जमा होतात. वर्षाला ३० क्रेडिट धरले तर १,३८० डॉलर होतात. तिथल्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया या सरकारी विद्यापीठात याच्या सुमारे दहापट लागतात. १९८४ पर्यंत तर या कॉलेजांत शिक्षण-शुल्कच नव्हतं.

पॅसाडेनाची यादी

पॅसाडेनाचं कॉलेज १९२४ मध्ये सुरू झालं. कोलोरॅडो बुलेवार्ड या गावच्या मुख्य रस्त्यावर ते आहे. नवीन वर्षाच्या दिवशी फुलांच्या रथांची मिरवणूक निघते, जगभर टीव्हीवर दाखवतात, ती याच्या दारावरून जाते. १९३१ मध्ये या कॉलेजने वेधशाळा बांधली. तेव्हा गावातल्याच कॅलटेक या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत पाहुणे म्हणून आलेले अल्बर्ट आइनस्टाइन उद्घाटनाला आले होते. बारावी झालेल्या गावच्या पोरांसाठी बांधलेली वेधशाळा, आणि फीत कापायला आइनस्टाइन! मला या कॉलेजची ही गोष्ट फार आवडते.

यादीतले रॉबिन्सन बंधू आधी घेऊ. त्यांची आई मॅली १९२० मध्ये पाच मुलांना घेऊन जॉर्जियातून इथे आली. घरकाम करून तिने मुलं वाढवली. काळ असा की गावच्या पोहण्याच्या तलावात गोऱ्यांखेरीज इतरांना आठवड्यातून एकच दिवस प्रवेश. थोरला मॅक या कॉलेजात धावपटू झाला आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये दोनशे मीटरला जेसी ओवेन्सच्या मागोमाग दुसरा आला. रौप्यपदक घेऊन परतलेल्या मॅकला गावाने काम दिलं ते रस्ते झाडण्याचं, आणि तो ऑलिंपिकचं जाकीट घालून झाडत असे. धाकटा जॅकी १९३७ ते ३९ इथे होता. लांब उडीतला भावाचा विक्रम त्याने इथेच मोडला. इथून तो यूसीएलए या विद्यापीठात गेला आणि १९४७ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला. आधुनिक मेजर लीग बेसबॉलमधला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू.

जॅकीनंतर दोन वर्षांनी याच वाटेने यूसीएलएला गेला ब्रूस मेरिफिल्ड. वडील फर्निचर विकणारे, सतत गाव बदलणारे. शालेय शिक्षण संपेपर्यंत मेरिफिल्डच्या अकरा शाळा झाल्या होत्या. अशा मुलाची गुणपत्रिका कुठल्या विद्यापीठाने कशी वाचली असती कोण जाणे! तो दोन वर्षं पॅसाडेनात शिकला, मग यूसीएलएमधून डॉक्टरेट केली आणि न्यूयॉर्कला जाऊन पेप्टाइड बनवण्याची नवी पद्धत शोधली. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. आधी प्रत्येक कडी जोडली की मिश्रण शुद्ध करत बसावं लागे, त्यात महिने जात. मेरिफिल्डने साखळीचं एक टोक बारीक घन मण्याला बांधून टाकलं. कडी जोडायची, उरलेलं धुऊन काढायचं, पुढची कडी जोडायची. साखळी मण्याला धरून जागच्या जागी राहते. १९८४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं, आणि आज पेप्टाइड जातीची कितीतरी औषधं याच तत्त्वावर तयार होतात.

हाईमे एस्कालांते वेगळ्या दाराने आला. बोलिव्हियात तो गणित आणि भौतिकशास्त्राचा नावाजलेला शिक्षक होता. साठच्या दशकात कॅलिफोर्नियात आला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं आणि मायदेशातल्या पात्रतेला इथे किंमत नव्हती. त्याने कॉलेजसमोरच्या कॉफी शॉपमध्ये फरशी पुसण्यापासून सुरुवात केली आणि पॅसाडेना कॉलेजात पुन्हा पहिल्यापासून शिकला. पुढे पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड हायस्कूलमध्ये, गरीब मेक्सिकन वस्तीतल्या मुलांना तो कॅल्क्युलस शिकवू लागला. १९८२ मध्ये त्याचे १८ विद्यार्थी कॉलेज-पातळीच्या परीक्षेत पास झाले. परीक्षा घेणाऱ्या संस्थेला एवढं यश संशयास्पद वाटलं आणि तिने १४ जणांच्या उत्तरपत्रिकांवर शंका घेतली. त्यातले १२ जण पुन्हा परीक्षेला बसले, आणि सगळे पुन्हा पास झाले.

आणि बटलर. वडील बूटपॉलिश करत, ते लवकर गेले. आई लोकांकडे धुणीभांडी करायची आणि मालकांच्या घरात मागच्या दाराने जायची. छोटी ऑक्टाव्हिया ते पाहायची. शाळेत अक्षरं जुळवताना तिची दमछाक व्हायची, स्वभाव कमालीचा बुजरा. कॉलेजला ती सुरुवातीला रात्रीच्या वर्गांना जायची, कारण दिवसा नोकरी होती. पहिल्याच वर्षी कॉलेजच्या कथास्पर्धेत पंधरा डॉलरचं बक्षीस मिळालं. लेखणीची ती पहिली कमाई. इथेच कृष्णवर्णीयांच्या चळवळीतला एक तरुण तिच्यासोबत शिकत होता. आधीच्या पिढ्यांनी मान खाली घालून सगळं सोसलं, याचा त्याला भयंकर राग होता. बटलरला आई आठवली. त्या सोसण्यात केवढी हिंमत होती, हे याला कसं समजावं? आजच्या बाईला गुलामगिरीच्या काळात नेऊन सोडणारी तिची १९७९ ची कादंबरी या प्रश्नातून जन्मली. १९९५ मध्ये तिला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. हा मान मिळवणारी ती पहिली विज्ञानकथालेखक.

या पाच जणांत समान काय? अठराव्या वर्षी किंवा देश बदलल्यावर यांच्याकडे पाहून कुणी भाकीत केलं नसतं. पैसा नव्हता, गुणपत्रिका बोलकी नव्हती, किंवा भाषाच येत नव्हती. कॉलेजने त्यांना पारखून घेतलं नाही, नुसतं आत घेतलं.

खरी किल्ली तिसऱ्या वर्षात

दार उघडं ठेवणं तसं सोपं. आत आलेला पुढे जातो कुठे, यावर सगळं ठरतं.

एसटीचं उदाहरण घ्या. गावाला थेट गाडीचं रिझर्वेशन मिळालं नाही, तर आपण मधल्या स्टँडवर उतरून दुसरी गाडी पकडतो. पण दोन गोष्टी लागतात. पहिलं तिकीट दुसऱ्या गाडीत चाललं पाहिजे आणि त्या गाडीत जागा असली पाहिजे. कॅलिफोर्नियाने या दोन्ही गोष्टींची लेखी तजवीज केली.

१९६० मध्ये राज्याने उच्च शिक्षणाचा आराखडा कायद्यात बसवला. शाळेतून वरच्या साडेबारा टक्क्यांत आलेल्यांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे बर्कली, यूसीएलए वगैरे. वरच्या एक तृतीयांशात आलेल्यांना स्टेट युनिव्हर्सिटी. बाकी सगळ्यांना कम्युनिटी कॉलेज. इथवर ही उतरंडच आहे आणि तशी टीका होतेही. पण त्याच आराखड्यात एक कलम असं होतं की मोठ्या विद्यापीठांनी पहिल्या दोन वर्षांपेक्षा शेवटच्या दोन वर्षांत जास्त विद्यार्थी ठेवावेत, साधारण चाळीसला साठ. म्हणजे तिसऱ्या वर्षी जागा मुद्दाम मोकळ्या होतात, आणि त्या कम्युनिटी कॉलेजातून येणाऱ्यांसाठी असतात. या बदलीला ‘ट्रान्सफर’ म्हणतात. आज यूसीएलए ज्या ट्रान्सफर विद्यार्थ्यांना घेतं, त्यांतले नव्वद टक्क्यांहून जास्त राज्याच्या कम्युनिटी कॉलेजांतले असतात.

तिकिटाचीही सोय आहे. कुठल्या कॉलेजचा कुठला विषय कुठल्या विद्यापीठात धरला जातो, हे सांगणारी सरकारी वेबसाइट सगळ्यांना खुली आहे. शिवाय युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा शाखा (डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ) ठरलेले विषय ठरलेल्या गुणांनी केले तर प्रवेशाची हमी देतात. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो अशी हमी देत नाहीत. सल्लागाराने ही तीन नावं घेऊन ‘गॅरंटी’ म्हटलं, तर तिथेच थांबवा.

पण ही माणसं म्हणजे अपवादच ना?

हो, अपवादच. हे स्वच्छ सांगितलं पाहिजे. देशभरात कम्युनिटी कॉलेजात सुरुवात करणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांशच पुढे चार वर्षांच्या कॉलेजात जातात, आणि सहा वर्षांत पूर्ण पदवी हातात पडते ती सुरुवात केलेल्यांतल्या साधारण सोळा टक्क्यांच्या. बहुतेक जणांना पुढे जायची इच्छा असते, तरी हे असं होतं.

कारणं कठीण नाहीत. विद्यार्थी नोकरी करत शिकतो, आजारी आई-वडिलांना किंवा लहान मुलांना सांभाळतो. मध्येच कामाची पाळी बदलली की वर्ग सुटतो. समुपदेशक कमी असतात, त्यामुळे चुकीचे विषय घेतले जातात आणि क्रेडिट वाया जातात. नामवंतांची यादी दाखवणाऱ्याने हा आकडाही दाखवायलाच हवा. दोन्ही एकाच दरवाज्याचे हिशेब आहेत. जिथे कुणालाही आत घेतात तिथे गळती जास्तच असणार, पण गळतीचा एवढा मोठा भाग पैशाअभावी आणि मार्गदर्शनाअभावी असावा, याचं समर्थन होऊ शकत नाही.

एक सत्र बसला तोही माजी विद्यार्थी?

यादीत बऱ्याचदा तसंच असतं. ॲपल कंपनीचा सहसंस्थापक स्टीव्ह वोझ्नियाक कोलोरॅडोत एक वर्ष काढून कॅलिफोर्नियातल्या क्यूपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात आला आणि मग बर्कलीला गेला. त्याला डी अँझाने घडवलं असं म्हणणं अति होईल. गंमत म्हणजे १९८४ मध्ये ॲपलने पहिला मॅकिंटॉश संगणक जगाला दाखवला तो डी अँझाच्याच आवारातल्या फ्लिंट सेंटरमध्ये. पण तो समारंभ होता, शिक्षण नव्हे.

म्हणून अशी यादी वाचताना ते माणूस तिथे किती काळ होतं आणि तिथून कुठे गेलं, एवढं पाहावं. आयलीन कॉलिन्सचं उदाहरण चांगलं आहे. घरची परिस्थिती बेताची, म्हणून न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं, १९७६ मध्ये असोसिएट पदवी, तिथून सिरॅक्यूज विद्यापीठ, मग हवाई दल. अमेरिकी अंतराळयानाचं नेतृत्व करणारी पहिली स्त्री ती. १९९९ च्या त्या मोहिमेत तिच्या पथकाने अवकाशात सोडली ती चंद्रा क्ष-किरण दुर्बीण, आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची. टॉम हँक्सही चाबो कॉलेजात दोन वर्षं शिकून स्टेट युनिव्हर्सिटीत गेला. आपण त्या कॉलेजचे किती ऋणी आहोत, हे त्याने २०१५ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहून सांगितलं. अशी नावं यादीत धरावीत. उरलेली आवारातून नुसती जाऊन आलेली.

शिकवणारे कोण

माजी विद्यार्थ्यांची यादी लांबलचक असते आणि प्राध्यापकांची आखूड. मला ही खटकणारी बाब वाटते. विद्यापीठातल्या प्राध्यापकाचं नाव संशोधनामुळे होतं. कम्युनिटी कॉलेजातला शिक्षक सत्राला पाच-पाच वर्ग शिकवतो, ढीगभर निबंध तपासतो. त्याच्याकडून संशोधनाची अपेक्षा नसते आणि त्यासाठी वेळही मिळत नाही. तो जे काही करतो ते वर्गाच्या चार भिंतींतच राहतं.

तरी काही नावं बाहेर आली. डी अँझाच्या जोड-कॉलेजात, फूटहिलमध्ये अँड्र्यू फ्रॅकनॉय वर्षानुवर्षं खगोलशास्त्र शिकवत होते. त्यांचे बहुतेक विद्यार्थी विज्ञानाचे नव्हतेच. गणिताची धास्ती घेतलेल्यांना आकाश समजावणं हेच त्यांनी आयुष्यभराचं काम मानलं. गावकऱ्यांसाठी त्यांनी फुकट व्याख्यानमाला चालवली, त्यात मोठमोठे शास्त्रज्ञ येऊन बोलले. एका लघुग्रहाला त्यांचं नाव आहे. दुसरं नाव जिल बायडन यांचं. त्या आधी डेलावेअरमध्ये आणि २००९ पासून नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी लेखन शिकवत होत्या. राष्ट्राध्यक्षांची पत्नी असतानाही त्यांनी ही नोकरी सोडली नाही. त्यांच्या डॉक्टरेटचा विषयही कम्युनिटी कॉलेजातली गळती हाच होता.

मात्र या दोघांवरून सरसकट अंदाज बांधू नये. या कॉलेजांतले निम्म्याहून जास्त शिक्षक अर्धवेळ असतात. सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या, रात्री तिसऱ्या. कॅलिफोर्नियात त्यांना ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात, कारण त्यांचं ऑफिस म्हणजे हमरस्त्यावर धावणारी गाडी. आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना हे वेगळं सांगायला नको. वर्ग संपल्यावर शंका विचारायला विद्यार्थ्याने जायचं कुठे, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

आपल्या मुलांनी जावं का?

तिथे कायम राहणाऱ्या कुटुंबांनी बेलाशक विचार करावा. क्यूपर्टिनो, सनीव्हेल भागातल्या मराठी घरांना डी अँझा नवं नाही. शाळेतली मुलं उन्हाळ्यात तिथे एखादा विषय करतात, नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या कितीतरी जणी तिथे पुन्हा शिकायला लागतात.

इथून थेट पाठवायचं असेल तर हिशेब वेगळा. ४६ डॉलर हा रहिवाशांचा दर, परदेशी विद्यार्थ्याला त्याच्या कितीतरी पट पडतं. बहुतेक कॉलेजांत वसतिगृह नसतं, म्हणजे अठरा वर्षांच्या मुलाने घर शोधणं आणि स्वयंपाक करणं आलंच. विद्यापीठापेक्षा खर्च तरीही कमी होतो, पण तेव्हाच, जेव्हा मूल पहिल्या सत्रापासून कुठल्या शाखेत जायचं ते ठरवून विषय घेतं. ‘जाऊ दे, तिथे गेल्यावर ठरवेल’ असं असेल तर मी नको म्हणेन.

आपल्याकडे असं काही आहे का?

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून दार उघडं ठेवलं. बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारीच्या अभ्यासक्रमातून पदवीकडे जाता आलं. यूजीसीने २०१३ मध्ये कम्युनिटी कॉलेजांची योजनाही आणली. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने एक वर्षावर प्रमाणपत्र, दोन वर्षांवर पदविका असे मधले थांबे ठेवले आणि क्रेडिट साठवायला बँक उघडली.

पण क्रेडिट साठवून ठेवणं म्हणजे पुढची जागा मिळणं नव्हे. ती जागा लेखी लागते, आणि महाराष्ट्रात अशी एक वाट आधीपासून आहे. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या ‘डायरेक्ट सेकंड इयर’ला जाणारी मुलं दर गावात दिसतात. ही वाट चालते, कारण दुसऱ्या वर्षाला त्यांच्यासाठी जागा ठरलेल्या आहेत, प्रवेशफेरी ठरलेली आहे आणि डिप्लोमाचे कुठले विषय धरायचे हेही ठरलेलं आहे. कला, वाणिज्य, विज्ञान शाखेत तालुक्याच्या कॉलेजात दोन वर्षं मन लावून शिकलेल्या मुलीला पुण्या-मुंबईच्या नामांकित कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात हक्काने बसता येईल, अशी सोय करायची तर सुरुवात तिथल्या रिकाम्या ठेवलेल्या बाकांपासून करावी लागेल.